पोटावर सात बाप

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही. आमच्या कोच्कोर गावात आजवर ज्याला सांगितली, त्याने चहाची वाटी खाली ठेवून आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहिलं. पण घडलं ते असंच, पदरचं एक अक्षर नाही.

बुरुलचा नावाची एक मुलगी टी-शर्ट छापायची. बाप तुर्सुनाली गेला, मेंढ्या विकल्या गेल्या, मागे उरली ही एकुलती पोर आणि एक म्हातारी घोडी. रिकाम्या मेंढवाड्यात तिने छापायचं यंत्र मांडलं. नक्षी बुरुलचाने काढायची, माल तिच्या मैत्रिणीने, सैकालने, खपवायचा. शाळेपासून दोघी एका ताटातलं खात आलेल्या.

"लांडगा, घोडा, गरुड काय, कोणीही छापतं," सैकाल म्हणायची. "आपला शर्ट घालणार कोण, ते आधी ठरव बाई."

ते ठरलं एका लग्नाच्या बोलणीत. शहरातून आलेल्या मुलाला मुलीच्या मामाने नेहमीचंच विचारलं, "सात बाप सांग बघू." बाप, आजा, पणजा अशी सात नावं तोंडपाठ हवीत. त्यातला एक जरी दोन्हीकडे सारखा निघाला तरी मुलगी बहीण ठरते, लग्न तिथेच मोडतं. तो पोरगा चौथ्या बापाशी अडकला आणि त्याला असा घाम फुटला, की खालची घोंगडी पिळून वाळत घालावी लागली.

बुरुलचाने त्याच रात्री शर्ट काढला. पोटावर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी आणि त्यात सात नावं, उलटी छापलेली. घालणाऱ्याने मान खाली घातली की सरळ वाचता येणार. समोरच्याला ती नक्षीच दिसणार, आणि वर वाटणार, काय विनयशील जावई आहे!

सैकाल हसून हसून यंत्रावर आडवी झाली. मग म्हणाली, "प्रत्येकाचे बाप वेगळे. प्रत्येक शर्ट वेगळा. किती वेळ जाईल, अगं!"

"जाऊ दे. ज्याचे बाप त्यालाच."

नमुन्याच्या शर्टावर बुरुलचाने आपल्याच सात बापांची नावं घातली. तुर्सुनाली, कल्मात, जानिशबाय... मुलीच्या मागे ही नावं कोण सांगणार? तिच्या पोरांना नवऱ्याकडचे बाप लागणार. म्हणून निदान एका कापडावर तरी ती एकत्र राहावीत, एवढंच तिच्या मनात होतं. हे तिने फक्त सैकालला सांगितलं होतं.

उन्हाळ्यातली मोठी मेजवानी जवळ आली. घोड्यांच्या शर्यती, पाच-सहा सोयरिकी, गावोगावची पोरं. बुरुलचा रोज कोणा ना कोणा म्हाताऱ्याच्या पायाशी बसून नावं विचारून घेई. नमुन्याचा तोच शर्ट दाखवायला म्हणून सैकाल बिश्केक शहरात गेली. मग तिचा फोन लागेना.

मेजवानीच्या सकाळी बुरुलचा आपले शर्ट घेऊन कुरणात पोचली, तर आधीच सगळ्या पोरांच्या अंगात शर्ट! तीच शिंगं, तीच उलटी अक्षरं. एका ट्रकभोवती झुंबड उडालेली आणि वर उभी राहून सैकाल शर्ट फेकतेय.

"सैकाल! हे माझ्या बापाचे..."

"उलटी अक्षरं कोण वाचतंय गं?" सैकालने तिच्याकडे न बघताच म्हटलं. "लोक शिंगं बघून घेतात. तुझ्यासारखं एकेक करत बसले असते तर म्हातारी झाले असते."

वाचायला मात्र पोरांनीच घेतलं. पहिल्या नवऱ्यामुलाने मान खाली घालून म्हटलं, "तुर्सुनाली, कल्मात, जानिशबाय..." दुसऱ्या तंबूतूनही तेच. तिसऱ्यातूनही तेच. मुलींचे भाऊही तेच शर्ट घालून बसलेले! दुपारपर्यंत सगळं खोरं एका बापाचं झालं. सोयरिकी मोडल्या, शिजलेलं मटण भांड्यात गार पडलं.

"तुर्सुनाली आम्हाला तर मेंढ्या चारताना दिसायचा," एका म्हातारीने हाळी दिली, "एवढी पोरं केली कधी?"

कुरण हसलं. बुरुलचाच्या हातातली पिशवी गळून पडली. तिच्या बापाचं नाव पहिल्यांदाच एवढ्या तोंडांत होतं, आणि प्रत्येक तोंड हसत होतं.

तेवढ्यात तुर्सुनालीची म्हातारी घोडी दावं तोडून आली. पोरांची पोटं हुंगत फिरली आणि धन्याची लेकरं म्हणून एकेकाला दातांनी धरून तिने मेंढवाड्यात नेऊन कोंडलं. सगळ्यांना!

आणि मग सैकाल ट्रकवरून उतरली. सगळ्या गावासमोर तिने बुरुलचाचे दोन्ही हात धरले, रडली, म्हणाली, "मी तुला विकलं गं." शर्टांची होळी केली, आणि त्या संध्याकाळपासून दोघी पुन्हा एका ताटात...

"खोटं."

माझ्या वाटीत चहा ओतणारा हात थांबला होता. बुरुलचाने किटली खाली ठेवली.

"घोडीपर्यंत मी गप्प बसले, आजोबा. घोडी चालेल. पण सैकाल उतरली नाही. ट्रक तसाच निघून गेला."