बारा ओळी, बारा भोकं

मी एक जुना रांगोळीचा पत्रा आहे, मित्रांनो. आधी तेलाच्या डब्याची एक बाजू होतो. गडब गावच्या दाजींनी मला कापलं, कडा ठोकून बोथट केल्या आणि खिळ्याने भोकं पाडली. बारा ओळी, ओळीत बारा. प्रत्येक घावाला कळवळलो, पण काय देखणा झालो!

दिवाळीत आळीभर माझी मागणी असायची. मग पेणच्या बाजारातून वीस-वीस भोकांचं प्लास्टिक आलं आणि मी झालो कोंबड्यांच्या खुराड्याचं दार.

यंदा दाजींच्या नातीच्या, सरूच्या, शाळेत रांगोळीची स्पर्धा होती. पहिली येणारी रोह्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. सरूला जायचंच होतं! शाळेतल्या वृंदाबाईंची अट एकच: चौरसात ठिपके बरोबर ५७६. चुकली ती बाद.

"निम्मे कर गो, झालं!" मैत्रीण मालू म्हणाली.

"एका ओळीत दोनशे अठ्ठ्याऐंशी? रांगोळी कासू स्टेशनात जाईल!" सरूने काडीने मातीत मांडलं. "शेवटी सहा, म्हणजे वर्गमुळाच्या शेवटी चार नायतर सहा. विसाचा वर्ग चारशे, तिसाचा नऊशे. पंचविसाचा सहाशे पंचवीस, तो मोठा झाला. म्हणजे चोवीस!"

प्लास्टिक विसावरच संपत होतं. सरूची नजर माझ्यावर पडली. बारा दुणे चोवीस!

"आजी, खुराड्याचं दार दे!"

"आन् कोंबड्या काय तुझ्या शाळेत बांधू?" गिरजाबाई म्हणाल्या, पण त्यांनीच मला राखेने घासलं. वर शिकवलं, "दुसऱ्यांदा ठेवताना पहिली भोकं आधीच्या शेवटच्या ठिपक्यांवर बसव. रांग सरळ येते." आळीतल्या सगळ्या बायका तसंच करत.

स्पर्धेत सरूने तसंच केलं. मग थबकली. ओळ मोजली. तेवीस! एक ओळ दोनदा पडली होती. तेविसाचा वर्ग पाचशे एकोणतीस, म्हणजे बादच. शेजारणींची फुलं रंगायला लागली होती. तिने दुसरा ठसा पुसला, मला एक बोट, म्हणजे एका ठिपक्याएवढं, पुढे सरकवून ठेवलं आणि पुन्हा रांगोळी पसरली. असे चार ठसे.

वृंदाबाईंनी आडवे मोजले, चोवीस. उभे मोजले, चोवीस. "शाब्बास!" मग ठिपके जोडून सरूने रंग भरले आणि ती पहिली आली.

रोह्याच्या गाडीत मी सरूच्या मांडीवर होतो, गिरजाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. खुराड्याला आता फळी आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी गंजत पडला असेल. त्याला घासा, तेलाचं बोट लावा. आणि टाकण्याआधी त्याची भोकं तेवढी मोजून बघा!