आधी जीभ दाखव

दक्षिण चीनमधल्या आमच्या शुन्देत कोणाच्या घरी आजारपण आलं, तर लोक 'काय झालंय' असं विचारत नाहीत. 'सूप कोणतं करताय' असं विचारतात. त्या वसंतात मला हा प्रश्न अगदी नकोसा झाला होता, कारण आमच्या शेगडीवर महिनाभर सूप चढलंच नव्हतं. सूप करणारी माझी सासू लाय युक-चान न्युमोनियातून वाचून घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून जी पडली, ती पडलीच.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "थोडा कफ उरलाय, तो जाईल. पण त्यांना चालवा. अशाच पडून राहिल्या तर पुन्हा उठायच्या नाहीत."

"आई, उठा ना. बाल्कनीपर्यंत तरी," मी म्हणायची.

"कशाला? माझ्यावाचून कुणाचं अडलंय?" ती भिंतीलाच सांगायची.

माझा नवरा हिन बिचारा रोज तिच्या उशाशी बसून म्हणायचा, "तू मुळीच काळजी करू नकोस आई, आमचं छान चाललंय." कसलं छान! रोज बाहेरून तळलेल्या शेवया यायच्या, वर माझं मिरचीचं तिखट. पण आजारी माणसाला हे कशाला सांगायचं?

मला भीती वाटायला लागली. ही बाई माझ्याशी भांडायची तेव्हा डोकं उठायचं, आता गप्प पडलीय तर घर खायला उठत होतं. शेवटी ठरवलं, सूप मीच करते. आता मी माहेरची हुनानची. आमच्याकडे मिरची हेच औषध, आणि ज्याला सोसत नाही त्याने दुसरं गाव बघावं. सूप म्हणजे माझ्या लेखी गरम पाणी. तरी गेले जडीबुटीच्या दुकानात.

"कोणासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"सासूसाठी. अंगात ताकद यायला हवी."

"खोकला? छातीत कफ? जिभेवर थर आहे का?"

आता सासूची जीभ कोण बघतं? ऐकू येते तेवढी पुरे असते. "काही नाही, सगळं साफ आहे," मी ठोकून दिलं. "ताकदीची ती मुळी, जिनसेंग, तुमच्याकडची सगळ्यात भारी द्या."

मातीच्या भांड्यात काळी कोंबडी, जिनसेंग, लाल खजूर घातले आणि मंद आचेवर ठेवून दिलं. दुपारपर्यंत घरभर वास सुटला. मी स्वतःवर इतकी खूश झाले की गुणगुणायला लागले. तेवढ्यात मागे सपाता घासल्याचा आवाज आला. वळून बघते तर सासू! एका हाताने भिंत धरलेली, केस पिंजारलेले, आणि डोळ्यांत आग.

"कोणाला मारायचंय गं?"

"आई! तुम्ही उठलात!"

"उठू नको तर काय करू? जिनसेंग! माझ्या छातीत कफ घरघरतोय, आणि ही जिनसेंग घालतेय! अगं, त्याने कफ आतच कोंडतो! घरात चोर असताना कुणी दाराला कडी घालतं का? आधी चोर हाकलायचा, मग दार लावायचं. सहा वर्षं माझ्या हातचं पितेस, एवढंही कळलं नाही? हे बघ!" असं म्हणून तिने माझ्यासमोर जीभ काढली. जाड, पिवळा थर होता. लहान मुलीने वेडावून दाखवावं तशी ती उभी होती, आणि मला हसावं की रडावं कळेना.

आवाज ऐकून हिन धावत आला. "आई, तू उभी आहेस!"

"ते सोड. तू असा बोबडा का बोलतोयस? तोंड उघड."

उघडलं. आतून सगळं तोंड आलेलं. मग तिने माझी हनुवटी धरून उजेडाकडे फिरवली. तिथे हे मोठे दोन फोड.

"छान चाललंय म्हणे!" म्हातारीचा चेहरा असा खुलला, की दुसऱ्याच्या फोडांवर इतकं खूश झालेलं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. "छान कसलं, दोघंही आतून भाजून निघालात!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला त्रास नको म्हणून आम्ही खोटं बोलत होतो, आणि ती पडल्या पडल्या तेच खरं मानून बसली होती. आमचं तिच्यावाचून काही अडत नाही, हे आम्हीच तिला रोज उशाशी बसून शिकवलं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

माझं सूप खालच्या मजल्यावरच्या फोंग आजोबांकडे गेलं. त्यांचे हातपाय बारा महिने गार. "त्यांना ही उष्णता सोसेल. वाया घालवू नकोस, महागाचं आहे," सासू म्हणाली आणि धापा टाकत स्टुलावर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दंडाला धरून बाजाराला निघाली. दर चार दुकानांनी थांबत होती, पण चालत होती. तिच्या खोकल्यासाठी पांढऱ्या नाशपाती आणि जर्दाळूच्या बिया घ्यायच्या होत्या, आमच्या उष्णतेसाठी कोहळा आणि मूग. म्हणजे दोन भांडी, दोन सुपं.

"काय युक-चान, दिसलात बाई एकदाच्या!" भाजीवाली ओरडली.

"दिसणारच! माझी सून मला जिनसेंग पाजून मारायला निघाली होती. म्हटलं, मरण्यापेक्षा उठलेलं बरं!" अख्ख्या बाजारात हशा पिकला. मीही हसले. मग तिने एक कोहळा उचलला, वाजवून पाहिला आणि माझ्या हातात दिला. "तूच निवड. मी सांगते, पण निवडायचं तू. मी काय जन्मभर पुरणार आहे?"

मी रडायला लागले, भर बाजारात, कोहळा पोटाशी धरून.

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "चला, पाणी येतंय डोळ्यांत," ती म्हणाली. "म्हणजे उष्णतेने अजून अगदीच कोरडी पडली नाहीस. तुला मूग थोडे कमीच घालू."