दबाणात गेलेली लारी

हिलाल पालिकेत होता. निदान सुरतेतल्या भेस्तानच्या त्या गल्लीत सगळ्यांना तसंच वाटायचं, आणि तसं वाटावं म्हणून हिलालने बरेच कष्ट घेतले होते. खाकी शर्ट तो सुट्टीच्या दिवशीही अंगातून काढत नसे. कुणाचं नळाचं काम अडलं, कुणाला जन्माचा दाखला हवा असला, की "बोलतो साहेबांशी" म्हणत तो अशी मान हलवायचा की समोरचा माणूस अर्धं काम झालं असं समजून घरी जायचा. काम झालं तर हिलालमुळे व्हायचं, नाही झालं तर साहेब रजेवर असायचे.

खरं सांगायचं तर हिलाल पालिकेच्या दबाण खात्याच्या, म्हणजे अतिक्रमणं हटवणाऱ्या खात्याच्या, ट्रकवर रोजंदारीचा हमाल होता. रस्त्यावर, फुटपाथवर कुणी लारी म्हणजे हातगाडी, टपरी, खोकं मांडलं असेल तर ते उचलून ट्रकमध्ये चढवायचं आणि कतारगामकडच्या गोडाऊनात नेऊन उतरवायचं, एवढंच त्याचं काम. खाकी शर्टसुद्धा त्याने स्वतःच शिवून घेतलेला. प्लेगचं साल नुकतंच होऊन गेलं होतं. शहर झाडूनपुसून लख्ख करायचं वरून ठरलं होतं, आणि गोडाऊनात रोज ट्रक भरभरून लाऱ्या येत होत्या.

खात्याचा एक नियम होता. लारी उचलली की जागेवरच पावती फाडायची. मालकाने सात दिवसांत पावती घेऊन यायचं, दंड भरायचा आणि आपली लारी घेऊन जायचं. सात दिवसांत कुणी आलं नाही तर नोटीस लागायची आणि महिनाअखेरीस लिलाव. नियम काही फार वाईट नव्हता, पण तो कुणीतरी नीट समजावून सांगायला हवा. ट्रकवर तेवढा वेळ कुणाला नव्हता.

उषाबाई हिलालच्या गल्लीतच राहायची. तिचं माहेर हिलालच्या गावापासून दोन कोसांवर. आता सुरतेत येऊन पडलेल्या खानदेशी बाईला माहेरच्या शिवेवरचा माणूस भेटला, की तो भाऊच होतो, त्याला वेगळं नातं लावावं लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाणं जमलं नाही की ती हिलालच्या घरी पुरणपोळी खायला यायची, आणि हिलालची बायको मंदा तिची ओटी भरून तिला पाठवायची. उषाबाईचा नवरा निंबा कापडाच्या कारखान्यात लूमवर होता. मशिनच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात सापडला आणि तेव्हापासून तो घरीच बसला. मग उषाबाईने लारी घेतली. कारखान्यांची पाळी बदलायच्या वेळी ती नाक्यावर कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेवभाजी विकायची. चार माणसांचं घर त्या चार चाकांवर चाललं होतं.

ज्या सकाळी तिच्या नाक्यावर दबाणवाल्यांचा ट्रक आला, त्या सकाळी हिलाल ट्रकवरच होता.

ट्रक दिसताच एकच पळापळ झाली. बटाटेवड्याची लारी लावणाऱ्या प्रमिलाबाईने तर रस्त्यावर बसकण मारली आणि चाकाला मिठी घातली. ट्रकसोबत आलेल्या साहेबाला, मुकादमाला, त्यांच्या सात पिढ्यांना तिने शिव्या दिल्या. शेवटी वैतागून साहेबाने तिची पावती सगळ्यांच्या आधी फाडली आणि तिच्या हातात कोंबली, तेव्हा कुठे तिने चाक सोडलं.

उषाबाईने मात्र तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तिला ट्रकवर हिलाल दिसला होता. तिच्या चेहऱ्यावरची भीती हिलालच्या डोळ्यांदेखत उतरली. तिने स्टो आणि भांडी शांतपणे खाली काढून ठेवली, चाकाखालचा दगड स्वतःच्या हाताने बाजूला केला आणि लारी पुढे ढकलून दिली.

"न्या भाऊ," ती हळूच म्हणाली. "तुम्ही शेतस ना, मंग माले कसानी काय्जी?"

हिलालने मान हलवली. तीच ती मान. लारी वर चढली. साहेब पुढच्या खोक्याकडे वळला, आणि उषाबाईची पावती फाडायची राहून गेली. हिलालने ते पाहिलं. "साहेब, या बाईंची पावती," एवढे चार शब्द बोलायचे होते. पण साहेब आजवर त्याच्याशी चार शब्दही बोललेला नव्हता, आणि उषाबाईसमोर साहेब "तू गप बस" म्हणाला असता तर? हिलाल पुढचं खोकं उचलायला वळला. ट्रक निघाला तेव्हा ती इतर बायांसारखी रडत नव्हती. भांडी गोळा करत होती.

त्याच संध्याकाळी ती दारात आली. दंड किती असतो ते तिने प्रमिलाबाईकडून विचारून घेतलं होतं आणि तेवढे पैसे पदराला बांधून आणले होते.

"कोठे भरना ते सांगा भाऊ. मी सकाय जाईसन भरी येस."

इथे हिलालने सरळ सांगायला हवं होतं की बाई, पावती नसली तरी गोडाऊनात जा, कारकुनाला तारीख आणि नाका सांग, तो वहीत शोधेल, दंड भर आणि लारी घेऊन ये. प्रमिलाबाई तिसऱ्या दिवशी पावती दाखवून, दंड भरून लारी ढकलत परत आली. पण हिलाल म्हणाला, "पैसा कसाले वाया घालस बहीन? मी शे ना तठे. फुकट सोडाई आनस."

मंदा चुलीपाशी बसली होती. उषाबाई गेल्यावर मंदा म्हणाली, "खरंच सोडाई आनशात का?"

"तू भाकरी कर," हिलाल म्हणाला.

त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी उतरवणी झाल्यावर तो हात धुऊन, केसांवरून पाणी फिरवून कारकुनाच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. कारकुनाने वर पाहिलं आणि म्हणाला, "सारुं थयुं तू आव्यो. जा, चार चा लई आव." हिलालने चार चहा आणले. कप रिकामे झाल्यावर ते परत नेऊन दिले. मग ट्रक सुटायची वेळ झाली. त्या चार चहांचं तो घरी कुणाला बोलला नाही. स्वतःशीसुद्धा त्याने ते नीट कबूल केलं नाही.

संध्याकाळी उषाबाई आली तेव्हा तो म्हणाला, "बोलणं झालं साहेबांशी. एकदोन दिवस थांब." ती थांबली. पाचव्या दिवशी आली, सहाव्या दिवशी आली. लारी नसल्याने ती टोपलीत भाकरी घेऊन कारखान्यांच्या दारोदार हिंडत होती आणि उरलेल्या भाकरी घरीच खाव्या लागत होत्या. पण हिलालला तिने एका शब्दाने टोचलं नाही. उलट सहाव्या दिवशी त्याच्यासाठी ठेचा घेऊन आली. मंदासमोर हिलालने तो सगळा संपवला.

सातवा दिवस गेला. आठव्या दिवशी गोडाऊनच्या भिंतीवर नोटीस चिकटवली गेली. चिकटवायला खळ हिलालनेच आणून दिली.

आता तरी खरं सांगावं की नाही? पण एकदा खोटं बोललेल्या माणसाला दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं वाटतं. आणि हिलालला तर ते खोटंही वाटलं नाही. त्याच्या गावात कोंडवाडा होता. कुणाचं ढोर कोंडवाड्यात गेलं आणि दंड थकला, की चावडीसमोर त्याचा लिलाव व्हायचा. त्या वेळी ज्याचं ढोर तो माणूस ढोराच्या पाठीवर हात ठेवून उभा राहायचा, आणि सगळा गाव मुका व्हायचा. मालक उभा असताना त्याच्या ढोरावर वरची बोली लावणं म्हणजे नंतर गावात तोंड दाखवायला जागा नाही. मालक थोडक्यात आपलं ढोर सोडवून घरी न्यायचा. हिलालने हे लहानपणी वडिलांच्या शेजारी उभं राहून पाहिलं होतं. गोडाऊनातला लिलाव त्याने कधी पाहिला नव्हता, कारण त्या दिवशी हमालांना फाटकाबाहेर बसवत.

त्याने उषाबाईला हेच सांगितलं. लिलावाच्या दिवशी ये, आपल्या लारीवर हात ठेवून उभी राहा, तिच्यावर कुणी बोली लावणार नाही. उषाबाईला ते लगेच पटलं. तिच्याही गावात तसंच होतं.

"मना बाप बी आसाच बैल सोडाई लयना व्हता," ती हसून म्हणाली.

लिलावाच्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून आली. डोक्यावर पदर, हातात पैशांची पुरचुंडी. लाऱ्यांच्या दाटीतून तिने आपली लारी शोधून काढली. मागच्या भिंतीपाशी, शेवटच्या ओळीत होती. ती जाऊन तिच्या फळीवर हात ठेवून उभी राहिली. हिलालने फाटकाबाहेरून ते पाहिलं आणि त्याला जरा बरं वाटलं.

भंगारचे पाच-सहा व्यापारी आले. साहेब खुर्चीवर बसला. एक कागद वाचून झाला, दोघा-तिघांनी आकडे टाकले, एकजण हसला, बाकीचे उठले. चहा गार व्हायला जेवढा वेळ लागतो त्याहूनही कमी वेळात सगळं आटोपलं. गोडाऊनातल्या सगळ्या लाऱ्या एकाच बोलीत, भंगार म्हणून, एकाच व्यापाऱ्याला गेल्या होत्या. लारी कुणाची, बाई कोण, हात कशावर, हे विचारायची तिथे पद्धतच नव्हती. उषाबाई अजून तशीच उभी होती. तिला वाटत होतं, एकेका लारीचा पुकारा होईल आणि आपली पाळी शेवटी येईल.

मुकादमाने फाटक उघडलं. "चालो, अंदर आवो! शेठने माल तोडीने जोइए छे. लाकडुं आ बाजू, लोखंड पेली बाजू." आख्ख्या लाऱ्या ट्रकमध्ये मावणार नव्हत्या. त्याने एक घण उचलून हिलालच्या हातात दिला.

हिलालने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. फळ्या उचकटायच्या, सांगाड्यावर घण घालायचा, चाकं वेगळी करायची. त्याने वर पाहिलं नाही. पण ती पाहते आहे हे त्याला पाठीला कळत होतं. गल्लीत साहेबांशी बोलणारा हिलाल, आणि इथे बनियनवर घामाने निथळत लाऱ्या फोडणारा हिलाल. त्याला वाटलं, तिने आता निघून जावं. शिव्या द्याव्यात, थुंकावं, पण जावं. तिला जाऊन सांगावं, बहीन, लिलाव कधीच संपला. पण त्याने पुढची फळी उचकटायला घेतली. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. त्याच्या जोडीच्या हमालाने दोनदा सांगितलं, मागच्या बाजूने सुरू कर, तिकडे सावली आहे. हिलालने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुपार कलली तेव्हा शेवटच्या ओळीत एकच लारी उरली, आणि तिच्यावर हात ठेवलेली उषाबाई.

हिलाल समोर जाऊन उभा राहिला. घण खाली टेकवला.  तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे पडलेल्या फळ्यांच्या ढिगाकडे, लोखंडाच्या ढिगाकडे. तिला सगळं कळलं. लिलावाचं कळलं, आणि हिलालचंही कळलं. त्याला वाटलं होतं ती रडेल. तिचे डोळे भरून आले हे खरं, पण चेहऱ्यावर राग नव्हता. लहान भाऊ पडल्यावर थोरली बहीण ज्या नजरेने पाहते तशी ती त्याच्याकडे पाहत होती, आणि हिलालला ती नजर सोसेना. रागाने पाहिलं असतं तर त्याने मान तरी खाली घातली असती.

मुकादम ओरडत आला. "एय हिलाल, ऊभो केम रह्यो? अने आ बाई कोण छे? तारी ओळखनी छे?"

रोजंदारीच्या माणसाने आपली माणसं गोडाऊनात आणली तर दुसऱ्या दिवशी त्याला ट्रकवर घेत नसत, हे उषाबाईला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण मुकादमाच्या आवाजात ते सगळं होतं. हिलाल काही म्हणण्याआधी तीच बोलली.

"कोई नहीं सेठ. जलाने की लकडी लेने आई."

मुकादमाने हिलालकडे पाहिलं. ही माझी बहीण आहे, ही लारी तिची आहे, असं म्हणायला तेव्हाही उशीर झालेला नव्हता. हिलालने एकदा मान हलवली. मुकादम "सारुं, बेचार पाटियां लई जा," म्हणून निघून गेला.

उषाबाईने लारीवरचा हात काढला नाही. ती वळून पलीकडच्या बाजूला गेली आणि दोन्ही हातांनी सांगाड्याची कड घट्ट धरली. एकट्याने घाव घातला की लारी सरकते आणि घण पायावर येतो, हे तिने दुपारभर उभ्याउभ्या पाहिलं होतं.

"मी धरस," ती म्हणाली. "तुम्ही मारा भाऊ. नहीते तुमना पायले लागी जाई."

आणि हिलालने घण उचलला.