नेरेइदाच्या गाण्याची चाल

कल्पना करा, तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि तुम्हाला एक गाणं सुचलं आहे. कोणी शिकवलेलं नाही, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकताना आपसूक ओठांवर आलेलं. आता पुढची कल्पना जरा अवघड आहे. येत्या रविवारी ते गाणं चाळीस माणसांपुढे म्हणायचं, आणि त्याआधी एक वाक्य बोलायचं. ते खरं की खोटं, हेच तुम्हाला ठाऊक नाही.

नेरेइदाची अडचण हीच होती. पोर्तो रिकोच्या डोंगरातल्या तिच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत नवं गीत आणणारा आधी खंजिरीवर हात ठेवून म्हणायचा, "हे माझं नाही, प्रभूनं मला दिलं." सगळे आमेन म्हणायचे, मगच गिटार वाजू लागायची. आईनं पाळक ओबेदना गाण्याचं सांगून टाकलं होतं आणि त्यांनी नेरेइदाचं नाव फळ्यावर लिहिलंही होतं.

शब्द प्रभूनं दिले असतील, असं तिला वाटे. पण चाल मेलितोनकाकांची होती. बर्फगोळ्याची गाडी ढकलत काका "नाऽरळ, चिंऽच" अशी हाळी द्यायचे, तीच. त्यातून काका कधी उपासनेला येत नसत. ऐन प्रवचनात ते गाडी फाटकाशी लावायचे, मुलं मागच्या बाकांवरून सटकायची आणि मोठी माणसं काकांच्या नावानं बोटं मोडायची.

शनिवारी ती एदुविहेस मावशींकडे गेली. मावशी पन्नास वर्षं मंडळीत खंजिरी वाजवत होत्या. उपासनेनंतर तळायच्या अल्कापुरियांसाठी त्या हिरवी केळी नि अळकुड्या किसत बसल्या होत्या. नेरेइदानं सगळं सांगितलं. खोटं बोलावं तर प्रभू ऐकतोय, खरं बोलावं तर मंडळी गाणंच घेणार नाही.

"ते वाक्य गेल्या वर्षी एलिएसेरपण म्हणाला होता," मावशी म्हणाल्या. "त्याचं गाणं ऐकून मी मनात म्हटलं, प्रभू, दिलंस ते परत घे."

नेरेइदा हसली, पण तिला उत्तर हवं होतं. गाणी प्रभू देतो की नाही?

मावशींनी हात पुढे केला. "केळी त्यानं दिली. किसली मी. हे बघ, बोट सोललंय ते माझंच."

"मग ते वाक्य खोटं?"

"अर्धवट आहे."

मग मावशींनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. त्यांचं ते सकाळच्या भाकरीचं गीत, मंडळी दर रविवारी डोळे मिटून म्हणायची ते, त्याची चाल रेडिओवरच्या साबणाच्या जाहिरातीतून आली होती. एकोणीस वर्षांच्या असताना त्यांनी खंजिरीवर हात ठेवला, आमेन घेतलं, आणि आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

"साबण चांगला होता," त्या म्हणाल्या. "पण ती चाल कोणी बांधली, ते मी कधी विचारलंही नाही. ते अजून टोचतं."

कोणाला सांगू नकोस, असं मात्र त्यांनी बजावलं नाही. घरी जाताना नेरेइदाच्या ते लक्षात आलं.

रविवारी पाळकांनी तिचं नाव पुकारलं. तिनं पुढे येऊन खंजिरीवर हात ठेवला. सगळे त्या ठरलेल्या वाक्याची वाट बघत असतानाच बाहेरून हाळी आली. पहिल्या बाकावरचे एलिएसेर कपाळाला आठ्या घालून खिडकी लावायला उठले.

"असू द्या, बंधू," नेरेइदा म्हणाली. "हे गाणं अर्धं प्रभूनं दिलं. अर्धं मेलितोनकाकांचं आहे, आणि ते बाहेर उन्हात उभे आहेत."

कोणी आमेन म्हटलं नाही. पाळक ओबेद नुसतेच खाकरले. मग बाजूच्या बाकावरून एकट्या मावशींचं आमेन आलं, चांगलं खणखणीत.

तोवर नेरेइदा मावशींच्या मांडीवर खंजिरी ठेवून दाराकडे निघाली होती. फाटकाशी जाऊन तिनं काकांचा पाकानं चिकट झालेला हात धरला, त्यांना आत आणून मावशींच्या शेजारी बसवलं, आणि पहिला सूर त्यांच्याकडेच मागितला.