काटा तीनवरच होता

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी कपडे ठेवायचे लहान कपाट वाटते. खाली चार चाके, पुढे एक गोल बटण, बटणावर काटा आणि भोवती एक ते पाच आकडे. पण मी कपाट नाही. मी ऑक्सिजन देणारी एक जुनी मशीन आहे. खोलीतली हवा आत ओढायची, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढायचा आणि बारीक नळीतून माणसाच्या नाकापर्यंत पोहोचवायचा, हे माझे काम. एरवी मी नुसती घरघर करते. आज मन हलके झाले आहे, म्हणून बोलते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. इंटरनेटवरून दवाखान्याशी बोलायची सोय माझ्यात होती. मी किती ऑक्सिजन देते ते दवाखान्याला तिथे बसून दिसायचे आणि गरज पडली तर तिथूनच मला हुकूमही देता यायचा. शेवटी एका बाईने माझ्या पाठीवर पासवर्डची चिठ्ठी चिकटवली. माझ्या मागे उभ्या असलेल्या शेकडो बहिणींच्या पाठीवरही तीच चिठ्ठी, तोच पासवर्ड. तेव्हा कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही.

मी आले एका शिंप्याच्या घरी. सगळे त्यांना मास्टर म्हणत. त्यांच्या पत्नीला गल्लीतली मुले आजी म्हणत, म्हणून मीही आजीच म्हणते. आजींची फुप्फुसे थकली होती. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, मध्ये कापड बेतायचे टेबल आणि भिंतीला लागून आजींची खाट होती. मला खाटेच्या उशाशी जागा मिळाली. डॉक्टरांनी सांगितले होते, काटा तीनवर ठेवायचा.

दर रविवारी मास्टर माझी हवा गाळायची जाळी धूत. आधी आजींना घरात ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर लावत, मग मला बंद करत, जाळी धुऊन फडक्याने कोरडी करत आणि मला पुन्हा चालू करत. काटा लावला की मोठ्याने म्हणत, "तीन!" आजी खाटेवरून म्हणत, "तीन." ही त्यांची दुकानातली सवय होती. चाळीस वर्षे मास्टर माप घेत आले आणि आजी लिहीत आल्या. ते म्हणत, "छाती छत्तीस," आजी म्हणत, "छत्तीस," आणि मगच आकडा वहीत जाई. उलट उत्तर आल्याशिवाय मास्टर पुढच्या मापाला हात लावत नसत.

एका मंगळवारी सकाळी मी अचानक बंद पडले. मास्टरांनी हातातली कात्री टाकली आणि धावत येऊन सिलिंडर लावला. आजी वाचल्या. मग त्यांनी दवाखान्यात फोन लावला.

"इथे तर मशीन चालू दिसतेय," सिस्टर म्हणाल्या.

"अहो सिस्टर, माझ्या डोळ्यांदेखत बंद पडलीये! तुमच्या नोंदीला विचारू नका, मला विचारा!"

कोण्या अनोळखी माणसाने आम्हा सगळ्या बहिणींचा तो एकच पासवर्ड वापरून दुरूनच मला बंद व्हायचा हुकूम दिला होता. वर नोंदही पुसून 'चालू' अशी लिहिली होती. मित्रांनो, मला फार लाज वाटली. माझ्याच तोंडून कोणीतरी खोटे बोलले होते.

दोन दिवसांनी कंपनीचा दुरुस्तीवाला आला. त्याने चिठ्ठी खरवडून काढली आणि मला माझी स्वतःची वेगळी किल्ली दिली. ही किल्ली आकड्यांची असते, डोळ्यांना दिसत नाही. मग तो मास्टरांना म्हणाला, "आता ही ब्लॉकचेनवर आहे. हुकूम कोणी दिला, काटा कधी फिरला, सगळं आपोआप लिहिलं जाणार. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीत अडकवलेली. साखळीच म्हणा ना."

"म्हणजे साखळी टाका," आजी म्हणाल्या. उशीवर टाकलेला त्यांचा भरतकामाचा तुकडा त्यांनी दाखवला.

मास्टर हसले. "मग काय उपयोग? साखळी टाक्याचं टोक ओढलं की सगळा सरसर उसवतो. चाळीस वर्षं बघतोय मी."

"बरोबर आहे काका," दुरुस्तीवाला म्हणाला. "पण इथे टोक एकाच्या हातात नाही. एक प्रत दवाखान्यात, एक कंपनीत, बाकीच्या दुसऱ्या घरांतल्या मशीनांमध्ये. एकाने ओढलं तरी बाकीचे धरून बसतात. आणि त्यात काकूंचं नाव नाही हं, फक्त मशीनचा नंबर."

"बघू," मास्टर म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. मंगळवारची ती खोटी नोंद त्यांच्या मनातून जात नव्हती.

त्यानंतर मी दोन वर्षे बिनतक्रार चालले. कोणी अनोळखी पुन्हा आत शिरला नाही. येणारे-जाणारे म्हणत, "गुणाची मशीन आहे हो तुमची." मला बरे वाटे.

मग तो रविवार आला. सकाळी मास्टरांनी जाळी धुतली. आजी फार थकल्या होत्या. दुपारनंतर त्यांचा श्वास वाढला. रुग्णवाहिका आली, आजींना तिच्यातला सिलिंडर लावून नेले. दोन दिवसांनी मास्टर घरी आले ते एकटे.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते खाटेवर मटकन बसले. काटा दोनवर होता.

त्या दिवसापासून मास्टरांनी शिवणकाम सोडले. माझ्यावर चादर टाकली. चादरीवर धूळ बसली. मी ओरडून सांगणार तरी कशी? माझ्यात सगळे लिहिलेले होते, पण वाचायला कोणी येत नव्हते.

तीन महिन्यांनी त्यांची मुलगी आली. ती संगणकाचे काम करते. "बाबा, दवाखान्यातून फोन आला होता," ती म्हणाली. "एका आजोबांना मशीन हवी आहे. देऊन टाकूया?"

"नको," मास्टर म्हणाले. मग ते म्हणाले, "माझ्या हातून चूक झाली गं. जाळी धुतल्यावर काटा दोनवरच राहिला. मी 'तीन' म्हणालो की नाही, आठवत नाही. तिचं उत्तर ऐकल्याचं तर मुळीच आठवत नाही. दिवसभर तिला कमी पडलं. माझ्यामुळे गेली ती."

मुलीने चादर काढली, मला चालू केले आणि फोनवर माझी नोंद उघडली. "बाबा, ऐका. आठ वाजून दहा मिनिटं, बंद. आठ चोवीस, चालू, काटा तीन. मग दिवसभर तीन. चार पन्नासला दोन, लगेच बंद. रुग्णवाहिका किती वाजता आली?"

"पावणेपाचला."

"मग रुग्णवाहिकेतल्या माणसाने फिरवला. बटणानेच बंद होते असं त्याला वाटलं असेल, नंतर खटका सापडला. आईला तेव्हा त्यांचा सिलिंडर लागलेला होता."

मास्टरांनी मान हलवली. "तू कॉम्प्युटरवाली. तुला दोन मिनिटांचं काम. माझं मन राखायला बदललंस."

"बदलता आलं असतं तर बदललंही असतं, बाबा. खोटं कशाला बोलू? पण हे बघा." तिने त्यांच्यासमोर आपल्या फोनवरच्या प्रतीत तीनचे चार केले. क्षणात खाली ओळ उमटली: 'बाकीच्या प्रतींशी जुळत नाही. नोंद नाकारली.'

तरी मास्टर शिंपी होते. एकदा माप घेऊन त्यांचे भागत नसे. त्यांनी स्वतः दवाखान्यात फोन लावला. "सिस्टर, त्या रविवारची आमच्या मशीनची नोंद तुमच्याकडून वाचा. सकाळपासून." का, ते सांगितले नाही.

सिस्टरांनी वाचले. "आठ दहा, बंद. आठ चोवीस, चालू, काटा तीन..."

"पुन्हा सांगा. किती?"

"तीन, मास्टर. तीन."

मास्टरांनी फोन खाली ठेवला. त्यांचे खांदे इतके दिवस कानांपाशी चढलेले होते, ते खाली आले. ते रडले, पण ते रडणे वेगळे होते. मग डोळे पुसत म्हणाले, "बोलवत नव्हतं गं तिला. बोटं दाखवली होती तिने. तीन बोटं. कसा विसरलो मी?"

त्या दुपारी त्यांनी माझी जाळी धुतली आणि शिलाई मशीनला तेल घातले.

आता मी दुसऱ्या घरी आहे. इथल्या आजोबांना दोनवर काटा लागतो. मला सोडायला मास्टर स्वतः आले होते. त्यांनी घरातल्या सुनेला जाळी कशी धुवायची ते दाखवले आणि म्हणाले, "नवीन किल्ली घालून घ्या, आधीची ठेवू नका. आणि काटा लावला की मोठ्याने म्हणायचं. आजोबांनी उत्तर द्यायचं. नोंद मशीन करेल, पण तुम्ही एकमेकांना विचारायचं सोडू नका."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी इंटरनेटला जोडलेली उपकरणे असतील. त्यांच्या पाठीवरची जुनी चिठ्ठी आजच पाहा आणि पासवर्ड बदला. आम्हाला खोटे बोलायला लावता येणार नाही, एवढी आमची काळजी घ्या. आमचे खरे बोलणे कधी कोणाच्या उरावरचा दगड उतरवेल, सांगता येत नाही.

मास्टर मला सोडायला आले त्या दिवशी सुनेने काटा लावला आणि थोडी लाजतच म्हणाली, "दोन."

आजोबांच्या आधी मास्टरच दारातून म्हणाले, "दोन," आणि मग हसत जिना उतरू लागले.