झिजलो, पण किलोच आहे

मित्रांनो, मला भंगार म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी एकदा तळहातावर घेऊन बघा. मी एक जुना लोखंडी किलो आहे. सहा कोनांचा, काळाकुट्ट. माझ्या बुडाशी एक खळगा आहे, त्यात शिसं भरलेलं आणि शिशावर सरकारी शिक्का. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान आहे.

तीर्थपुरीच्या आठवडी बाजारात चतुराबाईंच्या भाजीच्या दुकानात माझी सारी हयात गेली. बाजारात मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. चतुराबाई मला पारड्यात ठेवायच्या, 'लाभ' म्हणायच्या आणि वांग्यांचं पारडं जरा जास्तच खाली जाऊ द्यायच्या. गिऱ्हाईक कितीही कटकट करो, हे झुकतं माप त्यांनी कधी सोडलं नाही.

माझं घराणं लहानसहान नाही बरं! माझ्याआधी आपल्याकडे शेर होता, पायली होती, आणि मुलूख बदलला की त्यांचं मापही बदलायचं. निजामाच्या राज्यातला शेर पलीकडे नेला की भांडण ठरलेलं. देशादेशांतही हीच गत होती. मग सरकारं एकत्र बसायला शिकली. तुम्हाला वाटेल, शांततेसाठी बसली असतील. छे! १८६५ साली ती बसली तारायंत्रासाठी, १८७४ साली टपालासाठी, आणि १८७५ साली पॅरिसला सतरा देशांनी करार केला तो वजनमापांचा. एरवी एकमेकांवर तोफा रोखणाऱ्यांना किलो सगळ्यांचा सारखा असावा एवढं मात्र पटलं. राष्ट्रसंघ निघाला तो पुढे, पहिल्या महायुद्धात हात पोळल्यावर. तो काही टिकला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघ उभा राहिला, मग आरोग्याच्या, अन्नाच्या, अणुशक्तीच्या अशा कितीतरी संस्था झाल्या. आपला देशही स्वतंत्र झाल्यावर वजनांच्या करारात आला, म्हणून तर मी जन्मलो. या संस्थांची नावं तुम्ही परीक्षेसाठी घोकता आणि त्यांच्या घरातल्या मला पोत्यात कोंबता! राग येणार नाही तर काय?

हो, मला पोत्यात कोंबलं होतं. चतुराबाईंचा मुलगा भुजंग लाल आकड्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आला आणि त्यानं आम्हा सगळ्या वजनांची मोट बांधली.

"आई, आता याह्यचं काय काम? जाऊ दे जालन्याच्या भट्टीत."

जालन्याला भंगार वितळवून सळया करतात. कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन पडायचं, या विचारानं माझा नुसता संताप झाला. मुलाच्या हौशीपुढे चतुराबाईंचा नाइलाज होता.

भंगारवाला सूरज आला. त्यानं पोत्यातून आधी मलाच काढलं आणि आपल्या स्प्रिंगच्या काट्याला टांगलं.

"आठशे पन्नास ग्राम."

चतुराबाई ताडकन उठल्या. "काय म्हन्लास?"

"आठशे पन्नास, मावशी. बिलकुल बराबर हाय, बघा."

"आरं, किलो हाय त्यो! किलोलाच तोलून राह्यला अन् वरून दीडशे ग्राम कमी सांगून राह्यला?"

आजूबाजूचे दुकानदार पोट धरून हसले. आयुष्यभर दुसऱ्यांना तोलणाऱ्या मला कुणीतरी तोलत होतं आणि त्यातही मारत होतं! सूरज ओशाळला, पण हटला नाही. "जुनं वजन हाय. तुमचंच खोटं असंल."

भुजंगनं मला उचलून नव्या काट्यावर ठेवलं. आकडे थरथरले आणि थांबले. नऊशे चौऱ्याण्णव.

"बघा! तुमचं बी माप खोटंच निघालं!" सूरज ओरडला.

हसणं थांबलं. चतुराबाईंनी मला काट्यावरून उचलून हातात घेतलं. "म्हंजे म्या लोकाह्यला कमी देत होते?"

मला तोंड असतं तर मी बाजार दणाणून सोडला असता. झिजलो मी, कबूल! पण कोपऱ्यात बसून झिजलो नाही, तुमच्या घरी भाजी पोचवता पोचवता झिजलो. पॅरिसजवळ तिजोरीत काचेखाली जपलेला आमचा थोरला किलोसुद्धा त्याच्या नकलांशी ताडून पाहिला तेव्हा कणभर फरक निघालाच. म्हणून त्याला कुणी वितळवलं नाही. सारे देश पुन्हा एकत्र बसले आणि २०१९ पासून किलोची व्याख्याच त्यांनी अधिक पक्की केली. दीडशे ग्रॅम मारणारा काटा आणि सहा ग्रॅम झिजलेलं वजन, दोघांना तुम्ही एकाच पोत्यात घालणार?

भुजंग आईची समजूत काढत म्हणाला, "आई, तू तर वरून चार वांगे टाकायचीस. कुनाचं काय गेलं?"

"त्ये माझं देनं झालं. माप ते माप, ते बराबरच पाह्यजे." चतुराबाईंनी मला पदरानं पुसलं. "ह्याला भट्टीत न्हाई घालायचं. शिसं भरून आनायचं."

"पन नवा काटा हाय की!"

"अन् उद्या त्यो खोटं बोलला, मंग त्याला कोन इचारील?"

चतुराबाई मला पिशवीत घालून एसटीनं जालन्याला गेल्या. तिथे मस्तगड भागात पुंजाराम वजनकाटे दुरुस्त करतात. त्यांनी माझ्या खळग्यात ताजं शिसं ओतलं, मला खऱ्या किलोशी ताडून पाहिलं. मग वजनमापाच्या सरकारी कचेरीत माझ्यावर नवा शिक्का बसला. घाव लागला, पण मी हूं की चूं केलं नाही.

मित्रांनो, चार जणांनी, चार गावांनी किंवा चार देशांनी मिळून ठरवलेली गोष्ट वापरात झिजणारच. ती झिजली की भट्टीकडे बोट दाखवणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. ती पुन्हा तपासा, कमी पडलं असेल ते भरा आणि तिच्याकडून काम घ्या.

आता मी नव्या काट्याच्या शेजारीच बसतो. सूरज आमच्या रांगेतून येत नाही, मागच्या बाजूनं जातो. कुणी गिऱ्हाईक लाल आकड्यांकडे संशयानं पाहू लागलं की चतुराबाई मला उचलून काट्यावर ठेवतात. आकडे थरथरतात, थांबतात. गिऱ्हाईक वाकून वाचतं. चतुराबाई तिकडे बघतही नाहीत. त्या वांग्यांची टोपली पुढे ओढतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "लाभ!"