मधलं पद कमी असलेली ताडपत्री

एखादी गोष्ट चौकोनी दिसली की ती पूर्ण आहे, असं तुम्हीही समजता ना? मी ताडपत्री बोलतेय, दांडी गावातल्या येसूबाईच्या, किनाऱ्यावर मासळी सुकवायच्या ओट्यावरून.

मी जन्माने एक नाही. माझा मोठा तुकडा, नऊ हातांचा चौकोन, बोईसरला ट्रकवर असायचा. धाकटा चार हातांचा चौकोन एका टपरीवर होता. आणि नऊ-नऊ हात लांब दोन पट्ट्या. शेजारच्या केदारकाकांनी आम्हाला भंगारातून उचलून आणलं.

येसूबाईच्या नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये, होडी किनाऱ्यावर. ओट्यावरचे सुके बोंबील, एवढाच त्या घराला आधार. आणि अवकाळी पावसाचा इशारा आला होता.

"मोठा चौकोन बरोबर, बारका बरोबर," काका म्हणाले. "जोड गं वैनी, तेरा हातांचा ओटा झाकला समज."

येसूबाईची दहावीतली मुलगी हेमांगी माझ्या पट्ट्या हाताने मोजत होती. तिने मोठ्या तुकड्याची बाजू x धरली आणि खडूने माझ्यावरच लिहिलं: x² + 7x + 16.

"आई, हा पूर्ण वर्ग नाय. टोकं वर्ग हायेत, x चा न् चारचा. पण मधे त्यांच्या गुणाकाराची दुप्पट पायजे, 8x. पट्ट्या साडेतीन हातच रुंद हायेत."

"म्हंजे?"

"दोन फटी ऱ्हाणार. नऊ हात लांब, अर्धा हात रुंद."

"मधलं कोण बघतंय!" काका हसले. "मास्तरीण झाली आमची पोर."

येसूबाईने तांदळाचं जुनं पोतं फाडून फटींत शिवलं. "झाला ना गं तुझा वर्ग?"

"दिसतो," हेमांगी म्हणाली.

संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला. माझे चौकोन गप्प होते, पण पोतं धाप लागल्यासारखं फुगत होतं, बसत होतं. एकेक टाका कुरकुरत होता. माणसांनी माझे कोपरे ओढून पाहिले, कडेला दगड ठेवले आणि ती घरी गेली. हेमांगी शेवटी निघाली. तिने पोत्याच्या शिवणीवर तळवा ठेवला, आणखी एक दगड शोधला. पण मधे दगड ठेवायचा कशावर?

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. तुम्ही तरी नुसती टोकं पाहून निघून जाऊ नका.

रात्री पाऊस कोसळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं फाटलेलं होतं. चौकोनांखालचे बोंबील कोरडे होते, पण फटींतून पाणी शिरून पट्ट्यांखालचे सगळे भिजले होते. येसूबाईने ते टोपलीत भरले, आणि तिच्या मदतीला थांबून हेमांगी शाळेत गेली नाही.